वाचकांचे प्रश्न : घोड्याचे केस आणि बिनवायरचं मशीन

पावसाळा सरला की खराऱ्याच्या ब्रशाबरोबर मशीनचीही चौकशी सुरू होते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी कॉर्डलेस क्लिपरबद्दलची, म्हणजे केस कापायच्या बॅटरीवरच्या मशीनबद्दलची होती. काही प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केले आहेत.

आमच्याकडे दोन जनावरं आहेत. एक नुकरी घोडी, लग्नाच्या वरातींना जाते. दुसरा काठेवाडी घोडा, त्यावर मुलं रपेट शिकतात. आजवर कात्रीवर भागवलं. ऑनलाइन पाहिलं तर अगदी स्वस्तापासून डोळे पांढरे होतील अशा किमतीपर्यंत मशीनं दिसतात आणि प्रत्येकावर ‘हॉर्स क्लिपर’ असंच लिहिलेलं असतं. कुठलं घ्यावं?
— एक वाचक, मोरजी (पेडणे)

मशीन क्षणभर बाजूला ठेवा आणि वर्षभरात तुम्ही घोड्याचे कुठले केस कापता ते आठवा. कानांमागे लगामाचा पट्टा जिथून जातो ती आयाळीतली दोन-तीन बोटं जागा, जबड्याखालचे लोंबते केस, घोट्यामागचा झुबका, खुराच्या कडेवर उतरलेले केस. गोव्याच्या हवेत बहुतेक घोड्यांना एवढंच पुरतं. या कामाला अरुंद पात्याचं, हलकं, कमी आवाजाचं मशीन लागतं. संपूर्ण अंग उतरवायचं, म्हणजे अंगभर केस काढायचं काम निराळं. त्याला रुंद पातं आणि ताकदवान मोटर लागते, आणि वजनही वाढतं. दोन्ही कामं एकाच मशीनवर ढकलली की एक तरी बिघडतं.

यानंतर पातं पाहा. आमच्या मते खरेदी पात्यावरून करावी, मशीनवरून नाही. मशीन पाच-सात वर्षं टिकू शकतं, पण पाती त्या काळात अनेकदा बदलावी लागतात, आणि ती मिळाली नाहीत तर चांगलं मशीनही कपाटात जातं. ‘ए-५’ नावाची खटक्यानं बसणारी पाती अनेक कंपन्या बनवतात आणि ती एकमेकींच्या मशीनवर बहुधा बसतात. कुत्र्यांच्या ग्रूमिंग पार्लरमध्येही हीच वापरतात, म्हणून ती पणजी-पर्वरीत मिळणं किंवा मागवणं सोपं. अंग उतरवायच्या मोठ्या मशीनांना ‘ए-२’ प्रकारची, दोन स्क्रूंनी आवळायची रुंद पाती लागतात. काही मशीनांचं पातं त्यांचं स्वतःचंच असतं. उदाहरणार्थ मोझरच्या आर्कोला खटका सरकवून सुमारे ०.७ ते ३ मि.मी.पर्यंत लांबी बदलता येणारं एकच पातं येतं. बारीक कामाला ते फार सोयीचं, पण त्यावर ए-५ बसत नाही हे घेण्यापूर्वी माहीत असावं. स्विस बनावटीचं हायनिगर सफीर आणि अमेरिकी अँडिस पल्स झेडआर ही दोन्ही ए-५ पात्यांची, बॅटरी काढता-घालता येणारी मशीनं. लिस्टर लिबर्टीत बॅटरी कमरेच्या पट्ट्याला अडकवतात आणि तिथून वायर हातातल्या मशीनपर्यंत येते. हात हलका राहतो, मशीन मात्र ए-२ वर्गातलं, अंग उतरवण्यासाठीचं.

पात्याचे नंबर उलटे चालतात, इथे नवखा हमखास फसतो. नंबर मोठा तितके केस आखूड. १० नंबर सुमारे १.५ मि.मी. केस ठेवतो, १५ नंबर १.२, ३० नंबर ०.५ आणि ४० नंबर ०.२५. शेवटचे दोन डॉक्टरांचे, शस्त्रक्रियेआधी किंवा सोनोग्राफीसाठी जागा मोकळी करायचे. घरच्या माणसानं ते हातात घेऊ नयेत. चेहरा, घोटे, आयाळीतली पट्टी यांना १० नंबर बरोबर. अंगासाठी ‘टी-८४’ हे रुंद पातं सुमारे २.४ मि.मी. ठेवतं, तेही ए-५ मशीनवर चढतं. केसांच्या दिशेनं आणि उलट दिशेनं चालवल्यावर लांबी वेगळी येते, म्हणून नवं पातं आधी पोटाखाली, न दिसणाऱ्या जागी चालवून पाहावं.

जाहिरातीतल्या ‘मिनिटाला इतके हजार स्ट्रोक’ या आकड्याला फार भुलू नका. काही कंपन्या पात्याचं जाणं आणि येणं मिळून एक मोजतात, काही दोन. शिवाय वेग वाढला की पातं लवकर तापतं. दुकानात मशीन हाती मिळालं तर चालू करून दाट केसांत घाला आणि कान द्या. आत शिरताच आवाज खाली बसत असेल तर मोटरीत दम नाही. पातं काढून पुन्हा बसवून पाहा. मनगट सरळ ठेवून पाच मिनिटं हात खांद्याच्या उंचीवर धरून पाहा. चारशे-पाचशे ग्रॅमचं मशीनसुद्धा तिथे किलोचं वाटू लागतं.

तुमच्या दोघांसाठी ए-५ पात्याचं, बॅटरी निघणारं एक मशीन, १० नंबरची दोन पाती आणि एक जादा बॅटरी घ्या. पाती दोन अशासाठी की एक तापलं की दुसरं चढवता येतं आणि एक धारेला गेलं तरी काम थांबत नाही. नुकऱ्या घोडीचं अंग मात्र उतरवू नका. तिची कातडी गुलाबी असते. केसांचं पांघरूण गेलं की आपल्याकडच्या उन्हात ती भाजते, आणि वरातीच्या दिवशी लाल झालेली पाठ झुलीखालीही लपत नाही.

मशीन नवं आहे. पोटाखाली कापताना पाच-सात मिनिटांत पातं तापतं, केस ओढले जातात आणि अंगावर पट्टे उठतात. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला.
— एक वाचक, वाळपई (सत्तरी)

बॅटरी उतरली की मशीन सगळीकडेच मंद होतं, एका जागी चांगलं आणि दुसरीकडे वाईट असं होत नाही. तुमचा दोष पात्यात किंवा घोड्याच्या अंगात आहे, आणि आमचा पहिला संशय मातीवर. सत्तरीची तांबडी माती केसांच्या मुळाशी पिठासारखी बसते. वरून घोडा चकचकीत दिसतो, पण बोटं उलटी फिरवली की नखांत तांबडं येतं. असल्या अंगावर नव्या पात्याची धार दहा मिनिटांत जाते. (किनाऱ्याकडच्या वाचकांनी मातीच्या जागी वाळू आणि खारट पाणी वाचावं. वाळू तर पात्याला कानसच.) घोडेमोडणी नाचातल्या लाकडी घोड्याला खरारा न करता चालतं, जिवंत घोड्याला नाही. आदल्या दिवशी शांपूनं धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला आणि पूर्ण वाळू द्या. ओलसर केस दात्यांत चिकटतात, कापले जात नाहीत. कापायच्या दिवशी आधी रबरी खरारा गोल फिरवून सुटी धूळ वर आणा, मग ताठ ब्रशनं ती झटका.

त्यानंतर तेल. दर पाच ते दहा मिनिटांनी मशीन थांबवा, दात्यांतले केस छोट्या ब्रशनं काढा, दात्यांच्या ओळीवर तीन थेंब, दोन्ही कडांच्या खोबणीत एकेक आणि मागे सरकत्या पात्याच्या टाचेवर एक थेंब टाका. दहा सेकंद मशीन तोंड खाली करून चालवा, जास्तीचं तेल फडक्यानं पुसा. तेल शिलाई मशीनचं, पातळ आणि खनिज. खोबरेल नको. आपल्याकडे हाताशी तेच असतं म्हणून हटकून वापरलं जातं, पण ते पात्यांमध्ये चिकट थर धरतं आणि पौषातल्या थंड पहाटे थिजतं. रॉकेलमध्ये चालतं पातं बुडवायची जुनी सवय काहींना आहे. बॅटरीच्या मशीनबरोबर ती सोडाच. वाफ पेट घेऊ शकते आणि उरलेलं रॉकेल घोड्याच्या कातडीला चावतं.

पातं तापलंय का हे मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. तिथे सोसवत नसेल तर घोड्यालाही सोसणार नाही. फवाऱ्यानं थंड करता येतं, पण फवारा हे तेल नव्हे, त्यानंतर पुन्हा तेल द्यावंच लागतं.

एवढं करूनही केस ओढले जात असतील तर पातं बसलंय कसं ते पाहा. ए-५ पातं मशीनच्या जिभेवर, म्हणजे तोंडाशी पुढे आलेल्या पत्रीवर सरकवून मशीन चालू करावं आणि चालू असतानाच मागे दाबून खटका लावावा, म्हणजे आतला दांडा सरकत्या पात्याच्या खाचेत बरोबर जातो. बंद मशीनवर दाबलं की तो कधी खाचेबाहेर राहतो, मशीन गुरगुरतं पण कापत नाही. हा दांडा झिजणारा भाग आहे. खडखड वाढली आणि पात्याची धाव तोकडी झाली की तो बदलावा, किंमत किरकोळ असते. ए-२ प्रकारात ताण हातानं लावावा लागतो. ताणाची चाकी घट्ट लागेपर्यंत फिरवा आणि मग साधारण दीड फेरा सैल सोडा. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर तेच खरं. ताण फार असेल तर पातं तापतं आणि बॅटरी लवकर बसते. फार कमी असेल तर दोन पात्यांच्या मधे केस शिरतात आणि ओढले जातात. ओढतंय म्हणून आणखी आवळत जाणं ही नेहमीची चूक, आधी साफ करून तेल घालावं.

शेवटी धार. कात्र्या-सुऱ्यांना चाकावर धार लावणाऱ्याकडे हे पातं देऊ नका. दोन पाती एकमेकींवर अचूक सपाट टेकली तरच कापतात, आणि तो सपाटपणा चाकावर जातो. याची धार सपाट फिरत्या तबकडीवर लागते. जवळच्या डॉग ग्रूमिंग पार्लरला ते आपली पाती कुठे पाठवतात विचारा. नाहीतर पुणे, मुंबई, बंगळुरू इथे रेसकोर्स असल्यानं घोडेसामानवाल्यांकडे चौकशी करून कुरिअरनं पाठवता येतात. वरचं आणि खालचं पातं जोडीनंच पाठवा, वेगवेगळ्या जोड्या मिसळू नका.

उठलेले पट्टे आज घासत बसू नका. आठवडाभरात केस थोडे वाढतात आणि रेषा मिटतात. घाईच असेल तर तेच पातं तिरकं, आधीच्या रेषेला छेदून हलक्या हातानं फिरवा.

दाढीचा ट्रिमर चालेल का? आणि शेजारच्या गावात एकाकडे मेंढ्यांची लोकर काढायचं मशीन आहे, ते?
— एक वाचक, काणकोण

दाढीचा ट्रिमर नाकाडाजवळचे दोन-चार केस काढेल, घोट्याच्या झुबक्यात अडकून बंद पडेल. मेंढीचं मशीन अजिबात नको. त्याचा फणा लांब टोकदार दात्यांचा असतो, लोकरीखाली शिरण्यासाठी केलेला. घोड्याच्या पातळ कातडीत तो सरळ घुसतो.

पौषात पंजाबहून घोडा आणला. अंगावर अस्वलासारखे केस. फेरी मारली की घामानं निथळतो आणि तासभर ओला राहतो. सगळे केस काढले तर चालेल का? आमच्याकडे कॉर्डलेस मशीन आहे, एका चार्जिंगमध्ये किती होईल?
— एक वाचक, फोंडा

घोड्याचे हिवाळी केस येतात-जातात ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवर, नुसत्या गारठ्यावर नाही. पंजाबात लहान दिवसांत वाढलेलं पांघरूण घेऊन तो गोव्यात उतरला, जिथे माघातही दुपारी घाम फुटतो. दिवस मोठे होत जातील तसे ते केस गळतील, पण तोवर काम करायचं असेल तर उतरवणं योग्य. प्रवासाच्या शिणातून उठू द्या, खाणं-पाणी नीट होऊ द्या, मगच हात घाला.

त्याआधी एक गोष्ट तपासा. घोडा पंधरा वर्षांवरचा असेल, उन्हाळ्यातही केस झडत नसतील, पाणी फार पीत असेल, पाठीवरचं मांस उतरलं असेल तर तो पिट्यूटरी ग्रंथीचा विकार असू शकतो. रक्ततपासणीनं कळतं आणि औषध रोज द्यावं लागतं. केस कापून बरं वाटेल, रोग जाणार नाही. दुसरी गोष्ट उलटी : दमट हवेत काही घोड्यांचा घाम हळूहळू बंदच होतो. अंग कोरडं, नाकपुड्या फुगलेल्या, काम थांबल्यावरही धाप न उतरणारी. स्वस्थ घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो आणि त्याच्या अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. विसाव्यानंतरही आकडे वर राहिले तर मशीन ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. तुमचा निथळतोय, म्हणजे ती भीती सध्या नाही.

आता बॅटरी. सवय असलेला माणूस मोठ्या घोड्याचं अंग दीड-दोन तासांत उतरवतो, नवख्याला तीन लागतात. कॉर्डलेस मशीनची एक बॅटरी साधारण तास-दीड तास चालते, दाट केसांत त्याहून कमी. म्हणजे एका चार्जवर पूर्ण अंग होत नाही असंच धरून चाला. दोन भरलेल्या बॅटऱ्या हव्यात, किंवा काम दोन दिवसांत वाटून घ्या. एका बाजूला केस आणि दुसऱ्या बाजूला नाही अशा अवस्थेत घोडा एक रात्र काढू शकतो, त्याला लाज नसते, लाज आपल्याला.

पाय उतरवू नका. घोट्यांवरचे केस डास, चिलटं आणि काटेरी झुडपांपासून आडोसा देतात. खोगिराखालची जागाही राहू द्या. नम्दा (खोगिराखालची गादी) ठेवून त्याच्या कडेनं खडूनं रेघ मारा आणि आतले केस सोडा, नाहीतर घासून जखम होते. पायांवरची रेघ तिरकी धरा : पुढच्या पायाला कोपरापासून खाली उतरती, मागच्याला जांघेपासून. दोन्ही बाजू मोजून सारख्या करा. चुकलेली उंची खाली सरकवता येते, वर नेता येत नाही, म्हणून पहिली रेघ वरच मारा.

सुरुवात खांद्यापासून. तिथे जागा सपाट आणि घोडा त्याला सहज सरावतो. पातं कातडीला टेकून सपाट, दाते उचलू नका, दाबू नका. केसांच्या उलट दिशेनं लांब पट्टा ओढा आणि पुढचा पट्टा आधीच्यावर थोडा चढवा. भोवऱ्याजवळ केस चहूकडे वळतात, तिथे पातंही वळवत न्यायचं. जुने लोक भोवऱ्यावरून घोड्याचं शुभाशुभ पाहतात, त्यात आम्ही पडत नाही, पण भोवरा नीट न कापल्यास तिथे ठिगळ दिसतं एवढं खरं. कोपर, जांघ आणि छातीखालच्या घड्या याच कातडी कापली जाण्याच्या जागा. दुसऱ्या माणसानं पाय पुढे ओढून धरावा म्हणजे घडी ताणली जाते. सैल कातडी दोन दात्यांमध्ये सहज शिरते. शेपटीच्या मुळाशी उलट्या व्हीसारखा त्रिकोण सोडा आणि आयाळीच्या काठापासून बोटभर दूर राहा. आयाळीत एकदा मशीन गेलं की ते भरून यायला वर्ष लागतं.

झाल्यावर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं अंग पुसून सुटे केस काढा, ते टोचतात. पहिले चार-पाच दिवस भर उन्हात बांधू नका. पहाटे गारवा असेल तर पातळ झूल आणि संध्याकाळी चिलटांसाठी जाळीची झूल. उकिरड्यावर केस टाकताना जाळीखाली दाबा, नाहीतर वाऱ्यानं अख्खं अंगण केसाळ होतं.

भाऊ युरोपात असतो, मेहुणा अमेरिकेत. दोघंही मशीन आणायला तयार आहेत. कोणाकडून आणावं? विमानात बॅटरी चालते का?
— एक वाचक, मडगाव

भावाकडून. लिस्बन असो वा लंडन, तिथली वीज आपल्यासारखी २३० व्होल्टच्या आसपास, ५० हर्ट्झ. प्लगची पिनं बदलली की चार्जर चालतो. अमेरिकेत १२० व्होल्ट आहे. मेहुण्याला चार्जरवरची बारीक अक्षरं वाचायला सांगा : ‘१००–२४०’ असं असेल तर हरकत नाही, नुसतं ‘१२०’ असेल तर इथे लावताच जळेल. वॉरंटी बहुधा विकत घेतलेल्या देशापुरती असते, हेही धरून चाला.

लिथियम बॅटरी, विशेषतः सुटी जादाची, हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या सामानात नाही. सुटीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी. १०० वॉट-तासांपर्यंत साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. हिशेब सोपा : व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ७.२ व्होल्टची २.५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८ वॉट-तास, मर्यादेच्या कितीतरी खाली.

वायरचं मशीन स्वस्तात मिळतंय, ते घेऊ का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. ताकद त्यात जास्त, बॅटरीची कटकट नाही. पण तबेल्याची जमीन ओली असते, घोड्याचे नाल लोखंडी असतात आणि वायरवर पाय पडतो. विजेचा धक्का घोडा आपल्यापेक्षा वाईट सोसतो. घेतलंच तर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवल्याशिवाय तबेल्यात प्लग लावू नका.

मशीनचा आवाज ऐकताच आमचा घोडा मागे सरतो. डॉक्टरांकडून गुंगीचं औषध आणून ठेवावं का?
— एक वाचक, डिचोली

आणून ठेवू नये. औषध द्यायचं की नाही, कुठलं आणि किती, हे डॉक्टरांनी घोडा पाहून ठरवायचं आणि त्यांनीच द्यायचं. एसप्रोमझीनसारखं औषध नर घोड्याला दिल्यावर लिंग बाहेर येऊन आत न जाण्याचा धोका असतो. तो कायमचा ठरू शकतो. शिवाय गुंगीतला घोडा शांत दिसतो आणि अचानक लाथ मारतो.

बहुतेक घोडे आवाजापेक्षा थरथरीला बिचकतात. आठवडाभर, रोज पाच-दहा मिनिटं द्या. पहिले दोन दिवस मशीन दहा पावलं दूर चालू ठेवा आणि घोडा चारा खात असू द्या. मग बंद मशीन अंगावरून फिरवा. त्यानंतर तुमचा तळहात त्याच्या खांद्यावर ठेवा आणि चालू मशीनची पाठ, पात्याची बाजू नव्हे, तुमच्या हाताच्या पाठीला टेकवा. थरथर हातातून त्याच्यापर्यंत मंद पोहोचते. तो स्थिर उभा राहिला त्या क्षणी मशीन दूर करा. उलट, तो हलला म्हणून मशीन काढलंत तर हलण्याचाच धडा तो शिकतो. मोरखीची दोरी माणसाच्या हातात असावी, खुंटाला पक्की बांधू नये. धरणारा आणि कापणारा नेहमी घोड्याच्या एकाच बाजूला.

मारवाडी घोडा आहे. प्रदर्शनात नेताना मिशा आणि कानातले केस साफ करतात, ते १० नंबरनं करावं का?
— एक वाचक, म्हापसा (बार्देश)

करूच नका. नाकाडावरचे आणि डोळ्यांभोवतीचे लांब केस सजावटीचे नाहीत. त्यांच्या मुळाशी मज्जातंतू असतात. घोड्याला नाकासमोरची वस्तू दिसत नाही, ती तो या केसांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण संघटनेनं, म्हणजे एफईआयनं, १ जुलै २०२१ पासून असे केस कापलेल्या घोड्याला आपल्या स्पर्धांत बंदी केली आहे. कानातले केस डास, चिलटं आणि धूळ अडवतात. मारवाडीच्या आत वळलेल्या कानाची शोभा बाहेरच्या कडेत आहे. कान हातात अलगद मिटवा आणि मिटलेल्या कडेबाहेर येणारे केस तेवढे वरून खाली काढा.

पावसात घोड्याच्या पाठीवर खपल्या धरल्या, ओढलं की केसांचा झुबका खपलीसकट हातात येतो. कापून टाकावेत का?
— एक वाचक, सांगे

वर्णन पावसाळी त्वचारोगाचं वाटतं, जिवाणूंमुळे होतो, ओलं अंग आणि कोंदट तबेला त्याला पोसतात. पण गोलाकार, कडेनं वाढणारे चट्टे असतील तर ते गजकर्ण, आणि ते माणसालाही लागतं. दोन्हींचा उपचार वेगळा, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. पहिल्या रोगात लांब केस काढल्यानं कातडीला हवा लागते आणि औषध पोहोचतं. दुसऱ्यात मशीन फिरवणं म्हणजे बुरशीची पेरणी. खपल्या कोरड्या ओढून काढू नका, दुखतं. औषधी शांपूत भिजवून सुटू द्या.

कापायला सांगितलं तर हातमोजे घाला, त्या घोड्याला वेगळं पातं ठेवा आणि काढलेले केस जाळा. पातं नंतर आधी केस आणि तेल काढून स्वच्छ करा, मगच जंतुनाशकात ठेवा. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक निष्फळ जातं. ब्लीच वापरू नका, पातं गंजतं. शेवटी पूर्ण वाळवून तेल. उघड्या जखमेभोवती कापायचं झालं तर जखमेत आधी पाण्यात विरघळणारी निर्जंतुक जेली भरा. केस तिला चिकटतात आणि धुताना तिच्याबरोबर निघून जातात.

पावसाळ्यात चार महिने मशीन वापरात नसतं. गेल्या वर्षी पातं गंजलं आणि बॅटरी मेली. काय चुकलं?
— एक वाचक, पेडणे

दोन्ही गोष्टी हवेनं केल्या. पातं केस काढून, तेल चोपडून, तेलाच्या फडक्यात गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. मशीनसोबत आलेल्या कापडी पाऊचमध्ये नको, ते दमट हवा धरून ठेवतं. आषाढात एकदा डबा उघडून पुड्या बदला.

लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवायची नसते, अर्धी भरलेली ठेवायची आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेवढीच करायची. निघत असेल तर मशीनमधून काढून ठेवा. पत्र्याच्या छपराखालची फळी आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड या तिच्या दोन शत्रुजागा, उष्णतेनं ती कायमची क्षीण होते. काम संपताच गरम बॅटरी चार्जरवर लावू नका, अर्धा तास निवू द्या. जुन्या मशीनात निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर मात्र नियम वेगळा : तिला अधूनमधून पूर्ण उतरवून भरलेली मानवते. लेबल पाहून ठरवा.

गंज नुसता वरच्या पाठीवर असेल तर तेल आणि बारीक ब्रशनं निघेल. दोन पाती जिथे एकमेकींवर घासतात त्या पृष्ठभागावर खड्डे पडले असतील तर धारवालाही ते वाचवू शकत नाही, नवी जोडी घ्या. आणि चार्जर प्लगमध्ये अडकवून पावसाळा काढू नका, मृगाच्या गडगडाटात वीज येते-जाते तेव्हा पहिला तोच जातो.